सव्वाशे पौंडांची बाब्ज

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून या. एका बाइकवर 'धन्नो', दुसरीवर 'राणी'. आरटीओचा नंबर असताना गाडीला नाव कशाला? याचं उत्तर मला जॉन पॅरी-थॉमसच्या आयुष्यात सापडतं. माणूस आपल्यातलाच, इंजिनिअर!

जन्म वेल्समधल्या रेक्समचा, शिक्षण लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात. लेलँड मोटर्सचा चीफ इंजिनिअर असताना त्याने रोल्स-रॉइसच्या तोडीची गाडी डिझाइन केली. ती १९२० मध्ये लोकांसमोर आली. नाव काय, तर 'लेलँड एट'. आठ सिलिंडर म्हणून एट! कंपन्या अशीच नावं ठेवतात. गाडी फारशी खपली नाही. थॉमस नोकरी सोडून ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवरच बंगलीत राहायला गेला.

१९२४ मध्ये काउंट झ्बोरोव्स्की हा रेसर मोंझाला अपघातात गेला. त्याची 'हायम स्पेशल' थॉमसने १२५ पौंडांना घेतली. हायम हे काउंटच्या वाड्याचं नाव. आत विमानाचं २७ लिटरचं लिबर्टी इंजिन, म्हणजे जवळजवळ चौतीस मारुती ८००! मागची चाकं सायकलसारखी चेनवर फिरायची. थॉमसने ती खोलली, सुधारली आणि नाव बदलून 'बाब्ज' ठेवलं. बार्बरा नावाच्या मुलीला लाडाने बाब्ज म्हणतात. स्वतः डिझाइन केलेल्या गाडीच्या वाट्याला आकडा आला आणि या सेकंडहँड धुडाला लाडाचं नाव! मला वाटतं, हात काळे करून जी गाडी आपण चालती करतो, तिला नुसत्या नंबराने हाक मारवत नाही.

एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर बाब्जने ताशी २७५ किलोमीटर गाठून जमिनीवरच्या वेगाचा विश्वविक्रम केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्पबेलने 'ब्लू बर्ड' घेऊन तो मोडला (तिचं नाव नाटकावरून!). थॉमस लगेच परत पेंडाइनला आला. ३ मार्च १९२७ ला भरवेगात बाब्ज उलटली आणि तो जागीच गेला.

त्याला ब्रुकलँड्सजवळ बायफ्लीटच्या चर्चमध्ये पुरलं. आणि बाब्जला? भंगारात कोणी दिलं नाही. तिलाही पेंडाइनच्याच वाळूत पुरलं.

४२ वर्षं ती तिथेच होती. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन यांनी तिला उकरून काढलं. हे बँगॉर टेक्निकल कॉलेजचे लेक्चरर (सर लोकांनी नोंद घ्यावी). जागा तोवर लष्कराच्या ताब्यात गेली होती, त्यामुळे परवानगी लागली. शिवाय थॉमसच्या नातेवाइकांची संमतीही घेतली, एखादी कबर उघडताना घ्यावी तशी. चेन तुटून त्याला लागली असं तोवर सगळे धरून चालले होते. गाडी तपासल्यावर, आधी मागचं उजवं चाक निकामी झालं असावं, असं मत पुढे आलं. मग कित्येक वर्षं खपून ओवेन सरांनी बाब्जचं इंजिन पुन्हा सुरू केलं.