शाह फैसल : जमिनीखालच्या धनाचे अमानतदार

वेल्ह्याचा तोरणा आणि त्याच्या शेजारचा राजगड आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तोरण्याच्या डागडुजीत धन सापडले आणि शिवाजी महाराजांनी ते मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्यासाठी खर्चिले, अशी परंपरा आपल्या मुलखात सांगितली जाते. धन जमिनीतून निघणे हा योग असतो. त्यातून काय उभे राहते, हा मात्र माणसाच्या नियतीचा आणि अकलेचा प्रश्न असतो. हाच प्रश्न विसाव्या शतकात सौदी अरेबियाचे शाह फैसल बिन अब्दुल अझीझ यांच्यापुढे उभा राहिला.

त्यांचा जन्म १९०६ मध्ये रियाध येथे झाला. मातेचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजोळी, विद्वान आजोबांच्या देखरेखीखाली, त्यांनी दीनी शिक्षण घेतले. १९२६ मध्ये पित्याने त्यांच्याकडे हिजाजचा कारभार सोपविला, तर १९३० मध्ये परराष्ट्र खाते त्यांच्याकडे आले.

त्या काळी या राज्याचा खजिना मुख्यतः हाजींच्या येण्यावर भरत असे, हे आज खरे वाटणार नाही. मुंबई बंदरातून आगबोटीने जाणारे आपले वाडवडील त्या भूमीच्या उत्पन्नाचा एक आधार होते. जागतिक मंदीत हाजींची संख्या घटली आणि खजिना आटला. अशा तंगीत १९३३ मध्ये एका अमेरिकन कंपनीला तेलशोधाची सवलत देण्यात आली. १९३८ मध्ये दम्माम येथील सातव्या विहिरीने तेल दिले आणि वाळवंटाचे दैव पालटले.

परंतु संपत्ती आली म्हणजे बरकत आली, असे नव्हे. १९५३ मध्ये पित्याचे निधन झाले. पुढच्या पाच वर्षांत तेलाचे उत्पन्न असूनही उधळपट्टीमुळे राज्य कर्जात बुडाले. १९५८ मध्ये कारभार हाती घेताच फैसल यांनी खर्चाला लगाम घातला आणि अंदाजपत्रकाची शिस्त आणली. १९६२ मध्ये त्यांच्या सरकारने गुलामगिरी रद्द केली. मुलींच्या शाळांना विरोध झाला, तरीही त्यांनी व त्यांच्या पत्नी इफ्फत यांनी माघार घेतली नाही. १९६४ मध्ये ते राजे झाले.

तेलाने राजकारणही घडविले. ज्या राज्याला प्रजेकडून कर घ्यावा लागत नाही, त्याला प्रजेचे मत विचारण्याची निकडही भासत नाही. फैसल यांच्या काळातही सत्ता राजघराण्यातच राहिली आणि विरोधकांच्या वाट्याला तुरुंग आला. चरित्र सांगताना ही बाजू झाकणे इन्साफाचे ठरणार नाही.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलला साहाय्य करणाऱ्या अमेरिकेचे तेल त्यांनी रोखले. त्याच सुमारास तेल-उत्पादक देशांनी भाव वाढविले आणि सुमारे ३ डॉलरचे पिंप काही महिन्यांतच ११ डॉलरांच्या पुढे गेले. काल ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांच्या दारी मोठ्या राष्ट्रांचे मंत्री येऊ लागले. मात्र झळ गरीब देशांनाही लागली. १९७२ च्या दुष्काळातून सावरू पाहणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात खत आणि रॉकेल महागले.

त्याच पैशातून आखातात रस्ते, बंदरे आणि शहरे उभी राहू लागली व कामकरी हातांची मागणी वाढली. भोरहून वरंधा घाट उतरला की लागणाऱ्या महाडच्या परिसरातून आणि सबंध कोकणातून तरुण तिकडे निघाले. ज्या मुंबईतून पूर्वी हाजींचा पैसा अरबस्तानात जात होता, तिथेच आता अरबस्तानची कमाई मनिऑर्डर आणि ड्राफ्ट होऊन येऊ लागली.

२५ मार्च १९७५ रोजी रियाध येथे पुतण्याने गोळ्या झाडून शाह फैसल यांची हत्या केली. अफाट संपत्तीच्या या धन्याला साध्या, नावनिशाणी नसलेल्या कबरीत दफन करण्यात आले.

वाचकहो, माल कुठून मिळविला आणि कुठे खर्च केला, याचा जाब कयामतच्या दिवशी राजाला जसा द्यायचा आहे, तसाच आखातातून पैसे धाडणाऱ्या मुलाला आणि ते घेणाऱ्या घरालाही. तेल संपते, व्हिसाची मुदतही संपते. म्हणून आलेल्या पैशातून आधी कर्ज फेडा, जकात काढा, मुला-मुलींना शिकवा. लग्नाचा मांडव आणि घराचा दुसरा मजला त्यानंतर. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि तिचा हिशेब आपल्यावर सोपा करो. आमीन.