परमुलखातले सोबती : फादर थॉमस स्टीफन्स



आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी आता पुण्या-मुंबईलाच नव्हे, तर आखाती देशांत आणि युरोपातही जातात. तिथल्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी मिस्सेला उभे राहिले की सारे अनोळखी वाटते. अशा वेळी गावच्या गायनवृंदात शेजारी उभा राहून गाणारा जुना सोबती अचानक भेटला, तर परका मुलूख निम्मा आपला होतो. सुट्टीवर आलेली मुले हे सांगतात, तेव्हा आम्हांला चारशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी धर्मगुरूंची आठवण होते. ते म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे काव्य आपण ऐकून आहोत. पण परमुलखात त्यांना सोबत कशी मिळाली, हे फारसे सांगितले जात नाही.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते दहा वर्षांचे असतानाच राणी एलिझाबेथच्या राजवटीत मिस्सेवर बंदी आली. श्रद्धावंत लपूनछपून एकत्र येत. तरुणपणी स्टीफन्स यांना थॉमस पाउंड नावाचा जिवलग मित्र लाभला. पाउंड राणीच्या दरबारातील वैभव सोडून श्रद्धेकडे वळलेला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले. पण निघण्याआधीच पाउंडला अटक झाली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरात येशूसंघात दाखल झाले.

मित्राला ते विसरले नाहीत. १५७८ मध्ये त्यांनी येशूसंघाच्या प्रमुखांना अर्ज लिहून पाउंडची सारी हकिकत कळवली आणि त्यालाही संघात घ्यावे अशी विनंती केली. ती मान्य झाली. पाउंड तुरुंगात असतानाच येशूसंघीय झाला. जवळजवळ तीस वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. दोघा मित्रांची या जगात पुन्हा भेट झाली नाही.

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. पुढील चाळीस वर्षे ते गोव्यात, मुख्यतः सासष्टी भागात राहिले. मायदेशी ते परतले नाहीत. इथल्या भाषा ते मन लावून शिकले. १५८३ मध्ये भावाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे नोंदवले.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक घटना घडली. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी या चार इंग्रजांना पोर्तुगिजांनी होर्मूझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकले. ही माणसे स्टीफन्स यांच्या ओळखीची नव्हती. पण आपल्या भाषेचे बोल त्यांच्या कानी पडले. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवण्यास मदत केली. आपला मित्र मायदेशी तुरुंगात, आणि मायदेशाची माणसे इथल्या तुरुंगात! त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे फिच गोव्यातून निसटला आणि देशभर फिरला. त्याच्या प्रवासवर्णनात बऱ्हाणपूरच्या आधी ज्या गावाचे नाव येते, ते आपल्या खामगावच्या शेजारचे बाळापूर, असे अभ्यासक मानतात. म्हणजे फादर स्टीफन्स यांच्या उपकाराचा धनी आपल्या वऱ्हाडातून गेला!

सासष्टीत नवख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण देताना फादरांना एक गोष्ट कळली. लोकांची जुनी पुराणे सुटली होती, आणि गायला-ऐकायला तसे दुसरे काही हाती नव्हते. एका ब्राह्मणाने ही उणीव बोलून दाखवली, असा प्रसंग काव्याच्या आरंभीच येतो. तेव्हा फादरांनी संतांच्या परिचयाची ओवी हाती घेतली आणि जगाच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत रचली. १६१६ मध्ये राशोल येथे हा ग्रंथ छापला गेला. सिंदखेडराजाला १५९८ मध्ये जन्मलेल्या जिजाऊ तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. पाउंड मात्र तोवर वारला होता.

सासष्टीच्या चर्चमध्ये रविवारी आणि सणाच्या दिवशी या ओव्या गायल्या जाऊ लागल्या. ज्यांच्या मायदेशात मिस्सा चोरून ऐकावी लागे, त्यांना परमुलखात अख्खे गाव गाणारे सोबती म्हणून मिळाले. १६१९ मध्ये गोव्यातच फादरांनी देह ठेवला.

ओव्यांचा प्रवास मात्र थांबला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. गोव्याहून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली आणि घरोघरी पुराण वाचले. राशोलच्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला. परमुलखात सोबत म्हणून नेलेल्या ओव्यांनीच हा ग्रंथ वाचवला.

बंधुभगिनींनो, आपल्या गायनवृंदातून दूर गेलेल्या सोबत्यांना आपण किती वेळा फोन करतो? आणि केरळहून, झारखंडहून आपल्याकडे आलेली एखादी परिचारिका किंवा शिक्षक मिस्सेला मागच्या बाकावर एकटेच उभे असतात, तेव्हा त्यांच्या हाती गीतांचे पुस्तक कोण देतो? येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच घराकडे न वळता त्या मागच्या बाकापाशी जाऊ या, नाव विचारू या आणि सरावाची वेळ सांगू या. आम्हांला वाटते, फादर स्टीफन्स यांचे स्मरण करण्याची याहून सोपी रीत नाही.