तांबड्या केसांचे फादर विवाल्दी

आगमनकाळ आणि उपवासकाळ सोडला तर दर रविवारी आपण मिस्सामध्ये ग्लोरिया गातो. युरोपातील अनेक संगीतकारांनी या गौरवगीताला चाली दिल्या. त्यांतली अतिशय लोकप्रिय झालेली एक चाल अशा धर्मगुरूची आहे, ज्यांना वेदीवर मिस्साबली पूर्ण करणेही कठीण जात होते. ते फादर अंतोनिओ विवाल्दी. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

अंतोनिओंचा जन्म 4 मार्च 1678 रोजी इटलीतील व्हेनिस शहरात झाला. बाळ जगेल की नाही अशी भीती वाटल्याने सुइणीने त्याच दिवशी घरीच त्याला बाप्तिस्मा दिला. वडील पूर्वी न्हावीकाम करत. पुढे ते सेंट मार्क चर्चमध्ये व्हायोलिन वाजवू लागले. मुलाला व्हायोलिन त्यांनीच शिकवले. मार्च 1703 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अंतोनिओंना गुरुदीक्षा मिळाली. केस तांबडे असल्यामुळे लोक त्यांना तांबडे फादर म्हणू लागले.

परंतु जन्मापासूनचा छातीचा विकार त्यांना सोडेना. मिस्सा चालू असताना त्यांना तीन वेळा वेदीवरून उतरावे लागले. वर्षभराहून थोड्या अधिक काळानंतर त्यांनी मिस्सा अर्पण करणे थांबवले. धर्मगुरूच्या आयुष्यात याहून मोठे दुःख कोणते?

दीक्षेच्याच वर्षी त्यांना पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवण्याचे काम मिळाले होते. या आश्रमाच्या भिंतीत एक कोनाडा होता. कोणी तान्हे बाळ त्यात ठेवून निघून जाई आणि आश्रम त्याला वाढवी. ज्या मुलींना गळा किंवा हात असे, त्यांना संगीत शिकवत. आश्रमाच्या चर्चमध्ये त्या लोखंडी जाळीमागून गात आणि वाजवत. श्रोत्यांना चेहरे धड दिसत नसत, फक्त सूर ऐकू येत. ते ऐकायला दूरदूरचे पाहुणे येत.

या मुलींसाठी फादरांनी पुष्कळ लिहिले. त्यांचा आवडता प्रकार म्हणजे कॉन्चेर्तो. त्यात एक वादक एकीकडे आणि सारा वाद्यवृंद दुसरीकडे असतो. आपल्या प्रतिसाद स्तोत्रात एकजण ओळी गातो आणि सगळी मंडळी पुन्हा पुन्हा तोच प्रतिसाद देतात. जवळजवळ तसेच इथे वाद्यांचे चालते. आधी जलद, मग संथ, मग पुन्हा जलद असे तीन भाग असतात. त्यांनी असे सुमारे 500 कॉन्चेर्तो लिहिले. 1725 मध्ये छापलेले चार ऋतूंचे कॉन्चेर्तो आज जगभर वाजतात. जर्मनीत बाख यांनीही विवाल्दींचे कॉन्चेर्तो आपल्या वाद्यांसाठी बसवून त्यांचा अभ्यास केला.

ओरेटोरिओ म्हणजे वेषभूषा व अभिनयाशिवाय, केवळ गायनातून सांगितलेली कथा, बहुधा बायबलमधली. 1716 मध्ये त्यांनी जुदिथची कथा अशी बांधली. त्यातला सेनापतीसुद्धा आश्रमातल्या मुलीनेच गायिला. ग्लोरियाही याच मुलींसाठी रचले असावे, असे अभ्यासक मानतात.

फादर संत होते असे आम्ही म्हणणार नाही. ते नाट्यगृहांसाठी ऑपेरा लिहीत, त्यांत पैसा गुंतवीत. एका गायिकेशी असलेल्या मैत्रीवरून लोक कुजबुजत. 1737 मध्ये फेराराच्या कार्डिनलांनी त्यांना त्या शहरात येण्यास मनाई केली. ते मिस्सा अर्पण करत नाहीत, हेही त्यामागचे एक कारण होते. पुढे व्हेनिसची आवड बदलली. आधाराच्या आशेने ते व्हिएन्नाला गेले, तोच ऑक्टोबर 1740 मध्ये तिथला सम्राट वारला. 28 जुलै 1741 रोजी फादर विवाल्दी परक्या शहरात, गरिबीत वारले. त्यांचा दफनविधी अगदी साधा झाला. हळूहळू जग त्यांना विसरले.

सुमारे दोनशे वर्षांनी, 1926 मध्ये, इटलीतील सालेशियन धर्मगुरूंच्या एका विद्यालयाने जुनी हस्तलिखिते विकायला काढली. तपासणीत त्यांत विवाल्दींची कितीतरी अज्ञात रचना सापडल्या. तुरिनच्या ग्रंथालयाकडे ती घेण्याइतके पैसे नव्हते. तेव्हा ज्याचे तान्हे मूल वारले होते अशा एका पित्याने मुलाच्या आठवणीसाठी ती विकत घेऊन ग्रंथालयाला दिली. संग्रहाचा उरलेला भाग मिळाला तेव्हा दुसरा एक पिता पुढे आला. त्याचाही लहान मुलगा गेला होता. आजही ते दोन्ही संग्रह त्या दोन बाळांच्या नावाने ओळखले जातात. 1939 मध्ये सिएना शहरात ते ग्लोरिया पुन्हा गायिले गेले.

आईबाप नसलेल्या लेकरांसाठी लिहिलेले संगीत, लेकरे गमावलेल्या आईबापांनी वाचवले. ज्या हातांना वेदीवरची सेवा जमली नाही, त्यांनी लिहिलेले गौरवगीत आज कितीतरी चर्चमध्ये घुमते. आपल्यापैकी कोणाला आजारपणामुळे किंवा वयामुळे आता काही करता येत नाही असे वाटत असेल, तर पुढच्या वेळी ग्लोरिया सुरू होताच या तांबड्या केसांच्या फादरांची आठवण करावी.