उमाजींचा पूर्वेतिहास

उमाजी नाईक यांच्यावरील दरोडेखोरीचा आरोप खोटा ठरविण्याचा उत्साह त्यांच्या चाहत्यांत फार दिसतो. त्याची गरज नाही. आरोप खराच होता. १७९१ साली पुरंदरजवळच्या भिवडीत जन्मलेल्या या रामोशी तरुणाने दरोडे घातले, १८१८ च्या सुमारास त्याबद्दल वर्षभर तुरुंग भोगला, आणि तेथेच ते लिहावयास-वाचावयास शिकले.

प्रश्न आहे तो कारणांचा. किल्ल्याची राखण हा रामोशांचा पिढीजात हक्क आणि तीच त्यांची उपजीविका. पेशवाईच्या अखेरीस पुरंदरवरील तो हक्क गेला. इंग्रजी अमलात तर गडांच्या शिबंद्याच मोडल्या. शस्त्र हाती राहिले, वेतन मात्र संपले. पुढे टोळी वाढली, खंडण्या वसूल झाल्या, खेडीही लुटली गेली.

ती टोळी आवरेना, तेव्हा सरकारने काय करावे? माफी दिली, जमिनी दिल्या आणि त्याच मुलखाच्या बंदोबस्ताला उमाजींना नेमले! सोयीपुरता त्यांचा पूर्वेतिहास सरकारच विसरले. ही चाकरी फार काळ टिकली नाही. १८३१ च्या जाहीरनाम्यात उमाजींनी इंग्रजांची नोकरी सोडण्याचे व त्यांना सारा न देण्याचे आवाहन केले. सारा हा राज्याचा कणा. त्यावर घाव घालणारा निव्वळ लुटारू कसा म्हणावा?

दहा हजारांचे इनाम लागले, फितुरी झाली. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजींना फाशी देण्यात आले. त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनेच पुढच्या वर्षी रामोशांवर पुस्तक लिहिले. त्या दरोड्यांचा बराचसा तपशील तेथूनच आलेला आहे.