पंडिता रमाबाई आणि मंद झालेले कान

पंडिता रमाबाईंचे नाव आपण आदराने घेतो. परंतु त्यांना नीट ऐकू येत नसे, हे आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या, आणि या उणिवेमुळे तो मार्ग बंद झाला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाने मात्र त्यांना संस्कृत शिकविण्याचे काम दिले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी अंध स्त्रियांना आश्रय दिला. कन्या मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकविली, आणि टोपल्या विणण्यासारखे उद्योग त्यांच्या हाती आले. रमाबाई स्वतः हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणीत होत्या. (या कामात माझीही वर्षे गेली, भाषांतराच्या मेजापाशी कानांचे फारसे अडत नाही.) एप्रिल १९२२ मध्ये, देहावसानाच्या थोडे आधी, अखेरची मुद्रिते त्यांनी तपासून संपविली.