दुधाआधी वाइन

दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' हा शब्द आपण रोज वाचतो. पण तो ज्यांच्या नावावरून आला, त्या लुई पाश्चर यांनी ही पद्धत शोधली ती दुधासाठी नव्हे, वाइनसाठी! नोकरीनिमित्त मी फ्रान्समध्ये राहतो. पूर्वेकडच्या आर्ब्वा गावात पाश्चर यांचं घर अजून जपून ठेवलंय. ते पाहून आल्यापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात होतं.

पाश्चर यांचा जन्म १८२२ चा. वडील कातडी कमावण्याचा धंदा करायचे. बालपण गेलं आर्ब्वात, द्राक्षमळ्यांच्या गावात. आपल्याकडे जेवणात ताक असतं, तशी इथे वाइन. शिवाय कित्येकांचं पोट तिच्यावर.

पण ही वाइन टिकत नसे. गिऱ्हाइकाकडे पोहोचेपर्यंत कधी आंबट, कधी कडू, कधी तेलासारखी चिकट होई. १८६३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चर यांना याचं कारण शोधायला सांगितलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आर्ब्वात एका जुन्या कॅफेच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की बिघाडाच्या प्रत्येक प्रकारामागे वेगळा जंतू आहे. उपाय साधा निघाला. वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवायची, उकळू द्यायची नाही. १८६५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं आणि ते सर्वांसाठी खुलं करून टाकलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, ओपन सोर्स!

हे सगळं चालू असताना घरात काय घडत होतं? जून १८६५ मध्ये वडील गेले. सप्टेंबरात दोन वर्षांची कामीय गेली. पुढच्या मे महिन्यात बारा वर्षांची सेसील टायफॉइडने गेली. थोरली झानही १८५९ मध्ये टायफॉइडनेच गेली होती. वाइनच्या रोगांवरचं त्यांचं पुस्तक आलं, ते याच १८६६ साली. वाइनवर औषध सापडलं होतं, मुलींवर नव्हतं.

१८६८ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. तरी काम थांबलं नाही. वाइनमध्ये दिसलेली जंतूंची वाट त्यांना जनावरांच्या आणि माणसांच्या रोगांपर्यंत घेऊन गेली. १८८५ मध्ये रेबीजची लस आली. १८९५ मध्ये ते गेले.

गंमत म्हणजे, चांगली वाइन आजही सहसा तापवत नाहीत. चव बदलेल, बाटलीत ती मुरणार नाही, असं इथले लोक मानतात. चवीपुढे त्यांनी आपल्याच शास्त्रज्ञाचंही ऐकलं नाही. स्वतः पाश्चर यांनी मात्र १८७४ मध्ये आर्ब्वाजवळ द्राक्षमळा विकत घेतला होता.

वाइनने नाकारलेली ती पद्धत पुढे दुधाने स्वीकारली. कच्च्या दुधातून क्षय पसरतो, टायफॉइडही पसरतो. जगभरातली किती पोरं त्यातून वाचली असतील! त्यांच्या झान आणि सेसीलसाठी मात्र तेव्हा काहीच नव्हतं.