रफ वही, फेअर वही आणि मायकल फॅरेडे

परीक्षा तोंडावर आली की झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. कुणाच्या तरी सुवाच्य नोट्स हातोहात फिरतात, ग्रुपवर पीडीएफ येऊन पडतात. फोनमध्ये सेव्ह केलं की अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पेपर हातात पडला की मात्र घाम फुटतो. वाचलेलं तर असतं सगळं, पण लिहायला काही सुचत नाही!

दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका पोरानं यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता. त्याच्याकडे ना कॉलेज होतं, ना क्लास, ना गाईड. त्याचं नाव मायकल फॅरेडे.

जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. वडील लोहार, त्यात सतत आजारी. मायकल नऊ-दहा वर्षांचा असताना महागाई इतकी भडकली की एक पाव त्याला आठवडाभर पुरवावा लागायचा. शाळा म्हणाल तर जेमतेम लिहिणं-वाचणं आणि आकडेमोड. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. घरोघरी वर्तमानपत्रं पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचं काम. पुढच्या वर्षी त्याच दुकानात सात वर्षांच्या करारावर बाईंडिंगची उमेदवारी सुरू झाली.

बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याला तिथेच सापडला. जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूपी पुस्तकही तिथेच भेटलं. गंमत म्हणजे, व्याख्यानं ऐकून नीट न समजलेलं रसायनशास्त्र चर्चा करून समजून घेता घेता मार्सेटबाईंनी ते पुस्तक लिहिलं होतं. आयझॅक वॉट्स यांच्या पुस्तकातून त्यानं आणखी एक सवय उचलली. वाचलेलं, ऐकलेलं, मनात आलेलं सगळं वहीत उतरवायचं. आपली स्मरणशक्ती भरवशाची नाही, अशी त्याची कायमची तक्रार होती. म्हणून वही जवळ हवीच.

१८१० मध्ये जॉन टॅटम यांच्या घरी विज्ञानाची व्याख्यानं व्हायची. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट ती द्यायचा. भावाच्या घामाचा शिलिंग वाया जाऊ नये, याची मायकलनं पुरेपूर काळजी घेतली.

त्याची पद्धत बघा. व्याख्यान चालू असताना तो फक्त ठळक शब्द, पदार्थांची नावं आणि प्रयोगांचे मथळे टिपायचा. सगळं उतरवून घेण्याच्या भानगडीत पडायचा नाही. व्याख्यान संपलं की लगेच दुसरी टिपणं काढायचा, जरा सविस्तर आणि सुसंगत. मग या दोन्हींच्या आधारानं, बाकीचं आठवून, अख्खं व्याख्यान लिहून काढायचा. तेही टॅटम यांच्या नव्हे, स्वतःच्या शब्दांत. जिथं कळलेलं नसेल, तिथं वाक्य अडणारच. दुकानाच्या वर राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून तो चित्रकलाही शिकला आणि बदल्यात त्याचे बूट पॉलिश करून दिले. मग उपकरणांच्या आकृत्याही वहीत आल्या.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकलनं तीच पद्धत वापरली. तीनशेहून जास्त पानं झाली. त्यानं ती स्वतःच्या हातानं बाईंड केली आणि डिसेंबरमध्ये नोकरीच्या अर्जासोबत डेव्हींना पाठवली. डेव्हींनी भेटायला बोलावलं, पण हातातला धंदा सोडू नको, असा सल्लाही दिला. पुढे प्रयोगशाळेतला मदतनीस भांडण करून गेला, तेव्हा डेव्हींना हाच मुलगा आठवला. १ मार्च १८१३ ला फॅरेडे कामावर रुजू झाला.

नोकरी लागली म्हणून वही मिटली नाही. मित्रांना लांबलचक पत्रं लिहून तो आपली भाषा घासूनपुसून घेत होता. १८१८ मध्ये तर काही मित्रांनी मिळून निबंधांचं मंडळच काढलं. प्रत्येकानं लिहायचं आणि दुसऱ्यांनी त्यातल्या चुका काढायच्या.

त्याचं फळ मिळालं १८२१ मध्ये. विजेच्या प्रवाहानं चुंबकसूची हलते, हे आदल्याच वर्षी ओर्स्टेड यांनी दाखवलं होतं आणि युरोपभर त्यावर लेखांचा पाऊस पडत होता. रिचर्ड फिलिप्स या संपादक मित्रानं फॅरेडेला या सगळ्याचा आढावा लिहायला सांगितलं. दुसरा कुणी असता तर चार लेख वाचून पाचवा लिहिला असता. फॅरेडेनं मात्र लोकांनी वर्णन केलेले प्रयोग स्वतः करून पाहिले. ते करता करताच सप्टेंबरमध्ये पाऱ्यात टेकवलेली तार चुंबकाभोवती गोल फिरू लागली. आजच्या विजेच्या मोटारीचं मूळ तिथं आहे. निघाला होता दुसऱ्यांचं काम समजून घ्यायला, हाती लागला स्वतःचा शोध!

इथं त्याची एक चूकही झाली. निबंध घाईनं छापला गेला आणि याच दिशेनं विचार करणाऱ्या वोलास्टन यांचा उल्लेख राहून गेला. कल्पना चोरल्याची कुजबुज सुरू झाली. त्याचा त्याला फार मनस्ताप झाला.

त्याला उच्च गणित कधीच आलं नाही. जे समजलं ते त्यानं शब्दांत आणि आकृत्यांत मांडलं. पुढे मॅक्सवेल यांनी त्याच कल्पनांना गणिताचं रूप दिलं. प्रयोगांच्या नोंदींना तो क्रमांक घालायचा. १८३२ मध्ये एकपासून सुरू झालेले हे क्रमांक १६,०४१ पर्यंत गेले. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला, पण त्या नोंदी छापील खंडांत आजही वाचता येतात.

तेव्हा पुढच्या लेक्चरला एक करून बघा. फळ्याचा फोटो काढाच, पण घरी गेल्यावर तो लगेच उघडू नका. आधी कोरं पान घ्या आणि आठवेल तेवढं आपल्या शब्दांत लिहा. पेन जिथं अडेल, तिथं खूण करा. फोटो आणि पुस्तक मग उघडा, त्या खुणेपासून.